छातीतली साधी गाठ: २.१ ची २.६ सेंमी झाली, म्हणजे काढायचीच का?

मलप्रभा (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. विषय अवघड जागचा आहे, पण थायरॉइडच्या धाग्यावर इथल्या बायकांनी मला इतकं समजावून सांगितलं होतं की दुसरीकडे कुठे विचारावंसं वाटेना.

आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकट्या बहिणीला (वय २३) डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नाही, बोटाखालून सटकते. खानापुरात स्कॅनिंग केलं. रिपोर्टात फायब्रोअ‍ॅडिनोमा, २.१ × १.३ सेंमी, बायरॅड्स ३ (गाठ कितपत संशयाची, ते सांगणारा रिपोर्टातला आकडा). डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी गाठ आहे, सहा महिन्यांनी परत बघू. इथवर ठीक.

पण त्या सेंटरच्या बाकड्यावर बसलेल्या झाडून साऱ्या पोटुशा. भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नाही म्हणून कन्नड बोर्ड, आणि त्याच्याखाली आमची बिनलग्नाची पोर. गावातली एक बाई नेमकी तिथंच भेटली. पुढचं सांगायला नको. 'पोरीचं सगळं बरं हाय न्हवं?' म्हणून आईला देवळात, गिरणीत, जिथं जाईल तिथं विचारणा सुरू झाली. म्हणून दुसऱ्या खेपेला आईने खानापूरचं नावच काढू दिलं नाही. बेळगावात वेगळ्या सेंटरला नेलं. तिथला रिपोर्ट: २६ × १५ × १९ मिमी. म्हणजे वाढली.

ज्या सर्जनना दाखवलं ते म्हणाले, 'वाढतेय ना? मग काढून टाकू, पुढच्या आठवड्यात या.' पहिल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणतात घाई नको. तुळशीच्या लग्नानंतर पोरीचं जमवायचं चाललंय, त्यामुळे आईला आधीच काढून मोकळं व्हायचंय. आत्या म्हणते, टाक्याचा डाग दिसला तर काय सांगणार, त्यापेक्षा लेप लावा. किती सेंटीमीटरला गाठ 'मोठी' धरतात, कुणी सांगेल का?

वडगावची_काकू
घाबरू नको गं. आधी पोरीला पोटभर जेवायला घाल. घरात सगळे तिच्या छातीकडे बघून बोलूलागले असतील, तिचं काय होत असेल.

मार्कंडेय
पुरुषांनी या धाग्यावर यावं की नाही?

वडगावची_काकू
यावं की. वाचावं आणि बायकोला दाखवावं. सल्ला नंतर.

निपाणी_नाका
३ सेंमीच्या वर गेली की काढतात, असं आमच्या वहिनींच्या वेळी सांगिटलं होतं. २.६ म्हणजे अजून जागा आहे.

शहापूरकरीण
असं सरसकट सांगू नका हो. माझ्या मैत्रिणीची २ सेंमीचीच होती, तरी काढली. तिचं वय ४३ होतं आणि गाठ नव्याने आली होती. वय बघितल्याशिवाय नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

डॉ_सोनो
मी रेडिओलॉजिस्ट आहे, सीमाभागातच. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण मलप्रभाताईंच्या प्रश्नातल्या आकड्यांबद्दल बोलता येईल.

दोन्ही रिपोर्ट परत वाचा. पहिल्यात दोन मापं आहेत, दुसऱ्यात तीन. गाठ लांबट अंडाकृती असते. प्रोब (सोनोग्राफीत छातीवर फिरवतात ते यंत्र) आडवा धरला तर एक लांबी दिसते, तिरका फिरवून गाठीच्या लांब अक्षावर आणला तर जास्त दिसते. प्रोब किती दाबला, त्यानेही फरक पडतो. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या मशिनवर, मागची फिल्म समोर न ठेवता मोजलं, तर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होणं रोजचंच. पहिल्या खेपेला २१ लिहिलं त्यांनी सर्वांत लांब अक्ष घेतला होता का, ते फिल्म बघितल्याशिवाय कळणार नाही.

उलट बाजूही सांगतो. २१ चं २६ म्हणजे जवळपास २४ टक्के वाढ. सहा महिन्यांत २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढली तर सुईने तुकडा काढून तपासावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे वाढ खरी असेल तर दुर्लक्ष करता येत नाही, आणि खरी नसेल तर टाके कशासाठी? आधी वाढ खरी की मापाची, ते ठरवा. जुनी फिल्म घेऊन एकाच ठिकाणी जा, आणि मागच्यासारखाच प्रोब धरून मोजा म्हणून सांगा. 'पुढच्या आठवड्यात या' हे त्यानंतरचं.

बायरॅड्स ३ म्हणजे गाठ बहुतेक निरुपद्रवी, कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत. म्हणूनच लगेच न कापता सहा महिने, वर्ष, दोन वर्षं अशी नजर ठेवतात. ४ आला असता तर गोष्ट वेगळी, तिथे बायोप्सी लागतेच.

मलप्रभा
डॉक्टर, पहिली फिल्म आईने कपाटात लपवून ठेवलीय, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. काढते बाहेर.

कुंदा_नको_करदंट
आमच्याकडे मापाचा वेगळाच हिशोब. मावशी म्हणाली सुपारीएवढी, मामी म्हणाली लिंबाएवढी, डॉक्टरकडे पोचेपर्यंत पेरू झाला होता. रिपोर्ट आला १४ मिमी.

मार्कंडेय
@कुंदा_नको_करदंट :D रेडिओलॉजीवाल्यांनी बाजारातच बसावं.

घटप्रभा
माझा अनुभव लिहिते. १९ वर्षांची असताना, गोकाकला कॉलेजात होते. गाठ भराभर वाढली, ब्लाउजची एक बाजू तंग व्हायला लागली तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. लाजेपायी मी कुणाला बोलले नव्हते. ६ सेंमीची होती. ५ सेंमीच्या वर गेली की तिला 'जायंट' म्हणतात, हे तेव्हा कळलं. बायोप्सी झाली, साधीच निघाली, पण आकार आणि वाढीचा वेग बघून काढली. टाके स्तनाच्या खालच्या घडीत घेतले, आज मलाच शोधून बघावे लागतात. पुढे दोन मुलांना व्यवस्थित पाजलं.

तेव्हा डागाची भीती घालणाऱ्या आत्याबाईंना सांगा, काढायची वेळ आलीच तर चीर कुठे घेणार ते आधी विचारता येतं. बोंडाच्या भोवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेने घेतात किंवा खालच्या घडीत. वर्तुळाच्या कडेने घेणार असतील तर पुढे अंगावर पाजायचंय हे सर्जनना मुद्दाम सांगा, म्हणजे दुधाच्या नळ्या सांभाळून काम करतात.

तिलारी_घाट
माझी नाही काढली. पंचविशीत सापडली, तेव्हा १८ मिमी. दुसऱ्या बाळंतपणात फुगून टणक झाली, घाबरले होते. दिवस असताना हार्मोनमुळे वाढतात म्हणे. दूध तुटल्यावर परत होती तशी. आता पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, परवा मॅमोग्राफीत ती चुन्यासारखी पांढरी दिसली, आकाराने निम्मी. डॉक्टर म्हणाले म्हातारी झाली तुमची गाठ. म्हटलं तुमच्या मशिनसमोर मी उभी आहे, जपून बोला.

देशी_उपचार
एरंडाचं पान शेकून तेल लावून बांधा. वर हळद-चुन्याचा लेप. आमच्या आजीनं कितीतरी जणींच्या गाठी विरघळवल्यात. सुई घातली की साधी गाठ खवळते आणि कॅन्सर होतो, हे डॉक्टर सांगत नाहीत.

डॉ_सोनो
सुईने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. हे एक वाक्य वाचून कितीजणी बायोप्सी टाळतात आणि खरा कॅन्सर असलेली एखादी त्यात वर्ष घालवते, म्हणून ठासून लिहितो.

घटप्रभा
आजीच्या यशाचं गुपित सांगू? पाळीच्या आधी पुष्कळ जणींची छाती जड होते, दुखते, हाताला गाठीगाठी लागतात. पाळी झाली की आपोआप मऊ पडते. मधल्या आठ दिवसांत पान बांधलं की श्रेय पानाला. पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, त्याही आपल्या आपण जातात. म्हणून तर पाळी संपल्यावर चार दिवसांनी हात लावून बघा म्हणतात. आधी बघितलं तर सगळीकडे गाठीच लागतील.

देशी_उपचार
चुन्याचा अनुभव घ्या, मग बोला.

शहापूरकरीण
आमच्या गल्लीत एकीनं घेतलाय. कातडी भाजून आली आणि डॉक्टरला तपासताना गाठ कुठली नि सूज कुठली कळेना. अनुभव झाला.

धागापाल
तेल विकणाऱ्याचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पाने बांधण्यास मनाई नाही, फोन नंबर देण्यास आहे.

चिकोडी_बसस्टॉप
सगळे 'साधी साधी' म्हणताहेत म्हणून ही बाजूही लिहितो. माझ्या आईची गोष्ट, वय तेव्हा ४६. जुनी गाठ होती, फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणून कागदही होता. मग ती दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दुप्पट झाली. आई म्हणायची, जुनीच हाय, तपासलेली हाय. एफएनएसी (बारीक सुईची तपासणी) केली, त्यातही फायब्रोअ‍ॅडिनोमासारखंच आलं. पण सर्जन अडून बसले, वय आणि वेग पटत नाही म्हणाले. जाड सुईने कोअर बायोप्सी केली तेव्हा फिलॉइड्स निघाली, म्हणजे दिसायला तशीच, पण वेगळ्या जातीची गाठ. बहुतेक फिलॉइड्स कॅन्सर नसतात, आईचीही नव्हती. पण ती नुसती सोलून काढून चालत नाही, भोवतालचं थोडं चांगलं मांसही घ्यावं लागतं, नाहीतर तिथंच परत येते. आई आता ठणठणीत आहे, मला फोनवर शिव्या घालते.

सांगायचं एवढंच, की एकदा 'साधी' लिहिलेला कागद जन्मभर पुरत नाही.

डॉ_सोनो
चिकोडीकरांनी मोलाचं लिहिलंय. बारीक सुईने (एफएनएसी) नुसत्या पेशी येतात, कोअरमध्ये तुकडा येतो. फायब्रोअ‍ॅडिनोमा आणि फिलॉइड्स पेशींवरून ओळखणं कठीण, कधीकधी तुकड्यावरूनही संपूर्ण खात्री होत नाही. म्हणून हाताने तपासणी, चित्र आणि सुई या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. तिघांपैकी एक जरी वेगळं बोलत असेल तर बाकीच्या दोघांवर विसंबायचं नाही.

मार्कंडेय
पुरुष म्हणून एक शंका. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला बोंडाखाली चकतीसारखं टणक लागतंय, दुखतंही. तो शर्ट काढायला तयार नाही, कबड्डी सोडली.

तिलारी_घाट
वयात येताना होतं मुलांना. माझ्या भाच्याला झालं होतं. दोनेक वर्षांत गेलं. एकदा डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या बाकीच्यांना चिडवायचं बंद करायला सांगा.

मार्कंडेय
चिडवणारा मीच होतो. बंद. आभार.

निपाणी_नाका
बरं, दाखवायचं कुठे यावर बोला. आम्ही निपाणीचे सगळ्याला कोल्हापूरला पळतो. तासाभराचा रस्ता, रिपोर्ट इंग्रजी-मराठीत, सही कशावर करतोय ते कळतं.

शहापूरकरीण
बेळगावात काय कमी आहे? नेहरूनगरला केएलई आहे, सरकारी बिम्स आहे. खानापूरहून कोल्हापूर म्हणजे पोरीचा दिवस मोडला आणि बसमध्ये पाच ओळखीचे भेटले, ज्यासाठी खानापूर टाळलं तेच परत. संमतीपत्र कन्नडात असतं हे खरं, पण वाचून सांगा म्हटलं की नर्स सांगतात. न विचारता सही ठोकणारे आपणच.

निपाणी_नाका
मला कोल्हापूर जवळ, तुम्हाला बेळगाव, चंदगडवाल्याला गोवा. सीमाप्रश्न इथं नको.

कुंदा_नको_करदंट
१९५६ पासून सुटला नाही, या धाग्यावर सुटेल म्हणून वाचत होतो.

मलप्रभा
खर्चाचं विचारायचं राहिलं. आमच्याकडे बीपीएल कार्ड आहे.

चिकोडी_बसस्टॉप
कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे, बीपीएल कार्डावर. बऱ्याच आजारांना आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, थेट खासगीत गेलं की अडतं. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केलीय, तीही विचारून बघा. पण साध्या गाठीचं ऑपरेशन यादीत बसतं का, ते भरती होण्याआधी काउंटरवर लेखी घ्या. बिल हातात आल्यावर कार्ड दाखवून उपयोग नाही.

वडगावची_काकू
मला एक कळंना. पोरीचं लग्न जमायच्या आधी काढून टाकायचं हे कुठलं शास्त्र? गाठ लग्नाला आडवी येतीय काय?

निपाणी_नाका
काकू, मुलाकडच्यांना नंतर कळलं तर फसवलं म्हणतात. आमच्या नात्यात झालंय. आधी सांगितलेलं बरं.

घटप्रभा
कुणाकुणाला सांगायचं? मुलाला, की त्याच्या सतरा आत्यांना? अपेंडिक्स काढलेलं पत्रिकेबरोबर पाठवतो का आपण? साध्या फायब्रोअ‍ॅडिनोमाने पुढे कॅन्सरचा धोका म्हणण्याइतका वाढत नाही, मुलं व्हायला अडचण नाही. यात 'दोष' काय आहे जो जाहीर करायचा?

निपाणी_नाका
तुम्ही म्हणता ते बरोबर, पण गावात राहायचं आम्हाला आहे.

घटप्रभा
मी काय चंद्रावर राहते? गोकाकलाच आहे.

तिलारी_घाट
आणि लग्नाआधी काढली तरी हमी नाही हो. काही जणींना दुसऱ्या जागी नवी येते, काहींना दोन्ही बाजूंना असतात. प्रत्येक गाठीला चीर देत बसलं तर काय उरेल? माझ्या जावेच्या तीन आहेत, तिन्हींवर नजर ठेवलीय, बाई धडधाकट आहे.

मलप्रभाची_धाकटी
नमस्कार. ज्या गाठीबद्दल चाललंय ती माझी. ताईनं सगळं वाचायला दिलं म्हणून खातं उघडलोय.

घरात आई, आत्या, ताई, दोन डॉक्टर सगळे बोलूलागलेत, मला कोणी विचारलं नाही की तुला काय वाटतंय. मला गाठीचा त्रास नाही. पण भिती वाटती. रात्री झोपल्यावर हात आपोआप तिथंच जातोय, आणि दरवेळी मोठी झालीय असं वाटतंय. दिवसातनं कितीदा बघतो त्याला मोजमाप नाही. डॉक्टर, रोज बघितलं तर चालतंय काय? आणि मला जर नकोच असली तर, साधी असली तरी, काढून घ्यायची म्हणू शकतो काय मी?

लग्नाचं म्हणाल तर मुलाला मीच सांगणार. आत्यानं सांगायची गरज नाही.

वडगावची_काकू
ये गं बाई, बस. बरं केलीस आलीस.

डॉ_सोनो
रोज बघू नका. रोज चाचपलं की बोटांना फरक कळेनासा होतो आणि ती जागा दुखायला लागते. महिन्यातून एकदा, पाळी झाल्यावर. फक्त एवढं ध्यानात ठेवा: कातडी आत ओढली गेली किंवा खळी पडली, बोंड आत गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, किंवा सटकणारी गाठ एका जागी रुतून बसली, तर सहा महिन्यांची वाट न बघता दाखवायचं.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो. 'मला नको आहे' हे गाठ काढण्याचं मान्य कारण आहे. आकार, वाढ, वय, दुखणं यांच्याच यादीत ते येतं. फक्त ते तुमचं असलं पाहिजे, आत्याबाईंचं नव्हे. काही मोठ्या केंद्रांत व्हॅक्यूमच्या जाड सुईने छोट्या चिरेतूनही गाठ काढतात, तेही विचारून बघा.

शहापूरकरीण
@धाकटी, स्कॅनिंगला एकटी जाऊ नकोस. मी शहापुरातच असते, धागापालांमार्फत निरोप दे, मी येते बाकड्यावर बसायला. माझं वय बघून कुणी काही विचारणार नाही.

कुंदा_नको_करदंट
विचारलं तर बातमी त्याहून मोठी होईल.

शहापूरकरीण
गप्प बस रे.

मलप्रभा
बरेच दिवस फिरकले नाही, माफ करा. झालेलं सांगते. जुनी फिल्म घेऊन बेळगावातच गेलो. शहापूरकरीण काकू खरंच आल्या, डब्यात लाडू घेऊन. तिथल्या मॅडमनी जुनी फिल्म लाइटवर लावली आणि प्रोब फिरवून तशाच कोनात आणला. त्या कोनात आज माप आलं २२ मिमी, म्हणजे मागच्यापेक्षा एकच मिलिमीटर जास्त. प्रोब थोडा वळवला की २६. स्क्रीन आमच्याकडे फिरवून दोन्ही दाखवलं. म्हणजे खानापूरवाल्यांनी एक कोन घेतला होता, बेळगाववाल्यांनी दुसरा, आणि आम्ही मध्ये पोरीला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेऊन ठेवलं होतं.

तरी दोन डॉक्टरांची दोन मतं होती म्हणून कोअर बायोप्सी केली. तेवढीच जागा बधिर करून. बंदुकीसारखा खट्ट आवाज होतो, तो आधीच ऐकवतात म्हणजे दचकायला होत नाही. दोन दिवस काळंनिळं होतं. रिपोर्ट फायब्रोअ‍ॅडिनोमा. तिन्ही तपासण्या जुळल्या.

घटप्रभा
मग काढायची ठरली की नाही?

मलप्रभाची_धाकटी
नाही. तुकड्याचा रिपोर्ट आल्यापास्नं हात जायचा थांबलाय. पुढचं स्कॅनिंग त्याच मॅडमकडं, फिल्मा माझ्या कपाटात, आईच्या न्हवं. पुढं वाटलं तर काढून घेईन, ३ सेंमीची वाट बघणार नाही.

वडगावची_काकू
आणि मुलगा?

मलप्रभाची_धाकटी
काकू, आधी मुलगा मिळू दे की.

सौंदत्ती_रोड
नवीन सदस्य आहे. सगळा धागा वाचला. माझ्या सोनोग्राफीत ८ मिमीची सिस्ट आली आहे, 'सिंपल सिस्ट, बायरॅड्स २' लिहिलंय. वय ३८. काढावी लागेल का?

डॉ_सोनो
बायरॅड्स २ म्हणजे नक्की निरुपद्रवी. साध्या सिस्टला काही करावं लागत नाही. फुगून दुखायला लागली तर सुईने पाणी काढतात. पाणी रक्तमिश्रित आलं किंवा परत परत भरायला लागली तरच पुढची तपासणी. चाळिशीनंतर मॅमोग्राफी कधीपासून करायची ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

धागापाल
सिस्टसाठी वेगळा धागा काढा बरं. हा आधीच निपाणीपासून गोव्यापर्यंत जाऊन आलाय.